राहुकाळ टळतोय

कुंभकोणमच्या बुद्धिवादी मंडळाच्या सभागृहात माइक लावायचं काम आधी माझ्या वडिलांकडे होतं, आता माझ्याकडे आहे. बोलणाऱ्याकडे सगळे बघतात. माइकवाला कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्यांकडे बघतो, आणि तिथेच खरा माल असतो.

मंडळाचे अध्यक्ष नेडुंचेळियन ऐंशीच्या पुढचे. सगळे त्यांना तलैवर म्हणतात, म्हणजे पुढारी. ते मला कुप्पू म्हणतात. माझं पूर्ण नाव कुप्पुसामी, पण नावातला सामी, म्हणजे देव, त्यांना चालत नाही. देव छाटायची त्यांची सवय अशी की गावातल्या निम्म्या लोकांना आपली अर्धीच नावं ऐकून घ्यावी लागतात.

त्या रविवारी त्यांच्या नातीचं, कयलचं लग्न होतं. पोरगी लहानपणीच पोरकी झालेली, तलैवरांनीच वाढवलेली. मंडळाच्या पद्धतीत भटजी नाही, होम नाही, मंगळसूत्र नाही. आधी पाहुण्यांची भाषणं, मग एकमेकांच्या गळ्यात हार, की झालं लग्न. एक अट मात्र पक्की : लग्न राहुकाळातच लागलं पाहिजे. ज्या वेळात गावातला माणूस साधी चप्पल विकत घेत नाही, त्याच वेळात तलैवरांनी स्वतः हार घातला होता आणि मुलालाही घालायला लावला होता. त्यासाठी सभागृहात पंचांगाचं कॅलेंडर टांगलेलं असतं. गावातल्या भटजींना एखाद्या वेळी राहुकाळाचा विसर पडेल, आमच्या मंडळाला कधी पडलेला नाही.

रविवारी राहुकाळ साडेचार ते सहा. सहाच्या आत हार पडले नाहीत तर मी व्यासपीठावरून उतरेन, असं तलैवरांनी सोयरिकीच्या बैठकीतच सांगून ठेवलं होतं. आजोबा खाली उतरले असते तर कयलच्या बाजूने व्यासपीठावर उभं राहायला रक्ताचं माणूस उरलं नसतं.

सभागृह भरायला लागलं तसे तलैवर खुशीत आले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, बघ, लोक म्हणतात चळवळ संपली, आणि आज तरुण पोरं आपले काळे शर्ट घालून आली आहेत. मी नीट पाहिलं. काळे शर्ट पुष्कळ होते खरे, पण त्यातले बहुतेक जण अनवाणी होते आणि गळ्यात माळ होती. कार्तिगै महिना चालू होता, पोरांनी शबरीमलैच्या अय्यप्पाचं व्रत धरलं होतं, आणि त्यातही काळेच कपडे घालतात. वीस वर्षांपूर्वी या गावात काळा शर्ट दिसला की तो आमचा. आता आधी पाय बघावे लागतात. तलैवरांना लांबचं दिसत नाही. मी माइक तपासायला वळलो.

नवऱ्यामुलाचा बाप पळनियप्पन, रेशमाचा व्यापारी. एरवी कपाळभर विभूती. त्या दिवशी कपाळ पुसून आला होता, पण भुवयांच्या केसांत पांढरं राहिलं होतं. इतक्या काळजीने कपाळ पुसणारा माणूस मला लगेच खटकला. त्यात वऱ्हाड समोरच्याच लॉजमध्ये उतरलेलं, तरी यायला पाच वाजले. पुढे हारांची टोपली लॉजवर राहिली. ती आली, तर नवऱ्यामुलाचे मामा दिसेनात. मामा सापडले, त्यांच्या हातात कॉफीचा पेला होता आणि चेहऱ्यावर घाई नावाला नव्हती.

मग पळनियप्पनने हात जोडून माइक मागितला, आणि माझा संशय पक्का झाला. मंगळसूत्रासाठी महिनाभर रुसून बसलेला हा माणूस चळवळीची स्तुती करायला लागला. चळवळीने माणसाला ताठ उभं राहायला शिकवलं, आमच्या आईला देवळाच्या दारात थांबवायचे, तिला आत नेलं ते तुमच्याच माणसांनी, वगैरे. आईचं सांगताना त्याचा आवाज जड झाला. ते खरं असेलही. पण प्रत्येक वाक्यानंतर तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. तलैवर दर वेळी उठायला बघत, आणि दर वेळी तो त्यांच्या तुरुंगवासाचं नाव काढी. स्वतःची स्तुती मध्येच कशी तोडणार? ते पुन्हा बसत.

मी कयलकडे पाहिलं. नवरी घड्याळाकडे बघते हे समजू शकतो. पण ही आधी घड्याळाकडे बघत होती, मग सासऱ्याकडे, आणि मान किंचित हलवत होती. म्हणजे, अजून.

सहाला दहा मिनिटं राहिली तेव्हा तलैवर ताडकन उठले.

"पळनियप्पन, पुरे करा आता. मुहूर्त टळतोय."

मग माळवाल्या पोरांत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू मागपर्यंत पसरत गेलं. ज्यांचे शर्ट खरोखर आमचे होते तेही हसले. तलैवर तसेच उभे. आपण काय बोललो ते त्यांना आता ऐकू आलं असावं.

कयल उठून त्यांच्यापाशी गेली. माइक जवळच होता, म्हणून मी आवाज कमी केला. पूर्ण बंद केला नाही. मला ऐकायचं होतं.

"तात्ता, त्यांना बोलत राहायला मीच सांगितलं," ती आजोबांना म्हणाली. "भटजी नको म्हटलं, ते कबूल झाले. मंगळसूत्र नको म्हटलं, तेही झाले. वेळ तेवढी आमची राहू दे म्हणाले."

"आणि मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मी आत्ता खाली उतरलो तर?"

"समोर एवढी माणसं बसलीत आणि तुमचं भाषण अजून व्हायचंय," कयल म्हणाली. "तुम्ही उतराल?"

तलैवर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं.

"कुप्पू, आवाज वाढव."

तलैवरांचं लग्नातलं भाषण मला तोंडपाठ आहे. तुरुंगाची गोष्ट येते, ती संपली की ते म्हणतात, आता मुलांना हार घालू द्या. त्या दिवशी तुरुंगाची गोष्ट संपली. भिंतीवरच्या घड्याळात सहाला अजून दोन मिनिटं होती. तलैवर थांबले, पाणी प्यायले आणि तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले. तोच जेलर, तीच पातळ कांजी, तेच वाक्य. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघून हळहळल्या. म्हातारपण, दुसरं काय. पळनियप्पन मात्र डोळे मिटून ओठांतल्या ओठांत मुरुगाचं नाव घेत होता. काम त्याच्या देवाने केलं अशी त्याची खात्री झाली होती.

देवळातला सहाच्या सायंपूजेचा नगारा वाजून थांबला, आणि मग हार पडले.

लोक जेवायला गेले. मी वायरी गुंडाळत होतो. तलैवर टेबलाशी आले, घड्याळ उचललं आणि न बघताच मनगटावर बांधलं.

"कुप्पू, हार पडले तेव्हा किती वाजले होते रे?"

"लक्ष नव्हतं, तलैवर," मी म्हणालो.

"तुझं?" एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं, आणि पंगतीकडे निघून गेले.