आमच्यासारख्या फक्त आम्हीच

मी पाल बोलतेय. झाडू शोधू नका, मी तुमच्या घरात नाही. ट्यूबलाइटमागे दबा धरून किडे टिपणारी ती जाडजूड पाल वेगळी. तुमच्या मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणे, तीसुद्धा बहुधा तिच्याच घराण्यातली असावी. मी चुकचुकत नाही. आवाज केला की कुणीतरी खातं, हे मला फार लवकर कळलं.

मी खडकावरची पाल. तुमच्या करंगळीएवढी. शहराच्या कडेला पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्यामागे काळ्या खडकाची एक बुटकी टेकडी. त्या टेकडीच्या एका भेगेत माझं आयुष्य गेलं. घरातल्या पालीच्या बोटांना गाद्या असतात, ती काचेवरसुद्धा चालते. माझी बोटं काटकुळी, नुसत्या नखांनी खडक धरणारी. तिच्या डोळ्यात उभी चीर, माझ्या डोळ्यात गोल बाहुली. ती रात्री हिंडते, मी उन्हात. पण हे बघायला कुणी थांबत नाही. तुमच्या लेखी आम्ही सगळ्या सारख्याच, किळसवाण्या.

मी अंड्यातून बाहेर आले तेव्हा आई जवळ नव्हती. आमच्यात ती पद्धत नाही. शेजारच्या अंड्यातून माझा भाऊ निघाला. आम्ही दोघांनी भेगेतून डोकं बाहेर काढलं. वरून सावली आली आणि भाऊ गेला. पक्षी मला दिसलासुद्धा नाही, फक्त चोच दिसली. तेव्हापासून सावली पडली की मी दगड होते. श्वाससुद्धा पोटातल्या पोटात घेते. खाणं, कात टाकणं, ऊन शोधणं मी नंतर शिकले. आधी भ्यायला शिकले.

तरी ती भीती ओळखीची होती. पक्षी, साप, मुंग्यांची रांग. मग टेकडीच्या पायथ्याशी रस्ता रुंद करायचं काम निघालं. पिवळी यंत्रं आली. त्यांचा आवाज मी कानांनी नाही, पोटानं ऐकला. खडक थरथरायचा आणि भेगेतली माती आमच्या अंगावर झरायची. एका माणसानं येऊन आमच्या खडकावर लाल रंगाची फुली मारली. माणसं फुली मारतात ती आवडलं म्हणून नव्हे, एवढं मलाही समजलं.

त्यानंतर ती आली. सडपातळ बाई, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, गळ्यात कॅमेरा. तिच्याबरोबर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. ती प्राण्यांवर संशोधन करत होती आणि ते तिचे मार्गदर्शक होते. त्यांना ती सर म्हणायची. माझ्या भेगेसमोर ती इतकी वाकली की तिच्या घामाचा वास मला आला.

"सर, ही नदीपलीकडच्या डोंगरावरची नाही वाटत."

"तीच आहे. उगाच फाटे फोडू नकोस."

"मांडी बघा ना. लांब आहे. आणि डोकं चपटं."

"उन्हात उभं राहून तुला सगळंच लांब दिसायला लागलंय."

मी दगड झाले होते. पण तिनं दगडातूनही मला वेगळं काढलं होतं. तिची मूठ आली. मी उडी मारली, तिनं वरच्यावर पकडलं, आणि माझी शेपटी तुटून खाली पडली. ती आम्ही ठरवून टाकत नाही. भीती हद्दीपलीकडे गेली की ती आपोआप गळते. माझी शेपटी खडकावर वळवळत होती आणि मी तिच्या मुठीतून ते बघत होते.

"सॉरी गं," ती मला म्हणाली. मग शेपटी उचलून तिनं एका इवल्या नळीत घातली.

मला कापडी पिशवीतून एका लांबट खोलीत नेलं. पांढरे दिवे, फ्रिजची घरघर, नाकात जाऊन बसणारा उग्र वास. भिंतीला लागून कपाटं आणि कपाटांत बरण्या. प्रत्येक बरणीत कुणीतरी होतं. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते.

माझ्या शेजारच्या डब्यात आमच्याच टेकडीवरचा एक नर होता. पिवळ्या गळ्याचा, मिजासखोर. टेकडीवर तो कुणाला चार हातांच्या आत येऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी बाईनं त्याला बाहेर काढलं. त्याला सुई टोचली. तो झोपला. मग तिनं त्याची बोटं एकेक करून सरळ केली, टाचण्या लावल्या, तो ताठ होईपर्यंत थांबली आणि त्याला बरणीत सोडलं. मी डब्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटले. सुटका होणार नाही हे ठाऊक असतानाही पाय आपोआप कोपरा शोधतात.

मला तिनं मोजलं. नाकापासून डोळ्यापर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत, मांडीपासून घोट्यापर्यंत. पोटावरचे खवले भिंगाखाली मोजताना ती पुटपुटायची, मध्येच फोन वाजायचा आणि बिचारीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. ती सगळी मापं तिनं संगणकाला दिली. पडद्यावर ठिपके उमटले. नदीपलीकडच्या पालींचे ठिपके एकीकडे गोळा झाले, आमचे दुसरीकडे. मध्ये मोकळी जागा.

"आकार फसवतो," सर म्हणाले. "खडक वेगळा असला की अंगही थोडं वेगळं घडतं. शेपटीतून काय निघतं ते बघू."

माझ्या शेपटीच्या तुकड्यातून तिनं काय काढलं ते मला नीट सांगता येणार नाही. ती म्हणायची, प्रत्येक जिवाच्या अंगात त्याच्या कुळाची कहाणी चार अक्षरांत लिहिलेली असते. ती अक्षरं तिनं नदीपलीकडच्या पालींच्या अक्षरांशेजारी ठेवून वाचली. जुळेनात. सरांनी पुन्हा करायला लावलं. "नमुने मिसळले असतील," म्हणाले. तिनं पुन्हा केलं. तरी तेच आलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इतकी वर्षं मी या दोघी एकच म्हणून शिकवतोय."

"दिसतातच तशा, सर. पण यांची वाट लाखो वर्षांपूर्वी वेगळी झालीये. आणि आसपासच्या सगळ्या डोंगरांवर हिंडले मी. ही फक्त त्या टाकीमागच्या टेकडीवर आहे."

ती हसत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र कापरं भरलं.

तोवर मी माझ्यापुरती भीत होते. मनात कुठेतरी असं होतं की मी गेले तरी काय, जगात पाली ढिगानं आहेत, नदीपलीकडे आहेत, कुणीतरी उन्हाला बसलेली असेलच. त्या दिवशी कळलं की कुणी नाही. आमच्यासारख्या फक्त आम्हीच, त्या एवढ्याशा टेकडीवर, आणि तिच्यावर लाल फुली.

पुढचं बोलणं मी कान देऊन ऐकलं.

"नराचा नमुना झाला," सर म्हणाले. "एक पूर्ण वाढलेली मादीही बरणीत लागेल. नाहीतर नव्या जातीबद्दल छापणारे अर्धवट काम म्हणून परत पाठवतील. आणि रस्तेवाल्यांपुढे अर्धवट काम घेऊन गेलीस तर ते हसतील."

"हिच्या पोटात अंडी आहेत, सर."

"दिसतंय मला," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

त्याच आठवड्यात त्या खोलीत वीजदुरुस्ती निघाली. बाईनं माझा डबा पिशवीत घालून घरी नेला. घरी तिची मावशी होती. लहानपणापासून तिनंच बाईला वाढवलेलं.

"लोक पाली हाकलतात आणि तू पिशवीत घालून घरी आणतेस!" मावशी स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडली. "लग्नाचं विचारलं की तुला वेळ नाही. पालीला बरा वेळ आहे!"

तिनं डब्याच्या झाकणावर एक जाडजूड शब्दकोश आणून ठेवला. मी काय तो उचलून पळणार होते? पण भीतीला हिशेब कळत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! मावशी लांब खुर्चीवर बसून मला बघायची, मी कोपऱ्यातून तिला. ती हलली की मी दचकायची, मी हलले की ती. हळूहळू तिची खुर्ची जवळ सरकत आली. एका सकाळी ती चष्मा लावून अगदी डब्याच्या काचेशी आली.

"अगं, हिच्या पोटात पांढरं पांढरं काय दिसतंय?"

"अंडी आहेत. दोन. कातडी पातळ असते, म्हणून दिसतात."

मावशी आणखी वाकली. मग म्हणाली, "आणि हिला मारणार तू?"

"मावशी, ही एक वाचवली तर कदाचित सगळ्याच मरतील. तुला कसं सांगू?"

"सांगू नकोस. तुझं शास्त्र तुला ठाऊक. पण आधी तिला मोकळी तर होऊ दे."

बाईनं मान डोलावली. डब्यात तिनं कौलाचा एक तुकडा ठेवला.

तेव्हा मी काय केलं ते सांगते. मी अंडी पोटात धरून ठेवायचा प्रयत्न केला. अंडी आहेत तोवर मी आहे, एवढं मला उमगलं होतं. मी खाणं सोडलं. हलणं सोडलं. पण पोट कुणाचं ऐकतं? कौलाच्या खालच्या बाजूला मी दोन्ही अंडी चिकटवली, आणि ती घट्ट बसेपर्यंत पायांनी धरून राहिले. त्यानंतर माझं पोट रिकामं झालं आणि त्या रिकाम्या जागेत सगळी भीती येऊन बसली.

बाईनं अंडी पाहिली. डबा घेऊन पुन्हा त्या लांबट खोलीत आली. हात धुतले. सुई भरली. डब्याचं झाकण उघडून तिनं मला उचललं, आणि तिच्या अंगठ्याखाली माझं काळीज धडधडताना तिलाही जाणवलं असणार, कारण ती तशीच थांबली.

दार उघडलं. सर आत आले. बूट धुळीनं माखलेले, हातात घडी घातलेला रुमाल.

"थांब," ते म्हणाले. "टेकडीची खालची बाजू फोडली त्यांनी. ही दगडांत सापडली."

रुमालात एक मादी होती. अंग शाबूत, पण मान सैल पडलेली. मी तिला ओळखलं. माझ्या वरच्या भेगेत राहायची. सकाळच्या उन्हाच्या जागेवरून आमची रोज खटकायची.

"ही चालेल," सर म्हणाले.

बाईनं सुई खाली ठेवली आणि मला डब्यात सोडलं. मी वाचले होते. माझ्या जागी ती बरणीत जाणार होती. मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटायच्या आतच पुन्हा भीती वाटली. आता पुढचा दगड कुणावर?

त्या दोघांचं एकदाच कडाक्याचं भांडण झालं, तेही आमच्यावरून. नवी जात म्हणून आमच्याबद्दल छापून येणार होतं. त्यात टेकडीचा पत्ता द्यायचा की नाही?

"देऊ नकोस," सर म्हणाले. "नवी जात म्हटलं की चोर येतात. पाळायला विकतात. एका टेकडीचं काम आहे, पोत्यात भरून नेतील."

"आणि पत्ता नाही दिला तर रस्ता कशासाठी थांबवतील? कुठली टेकडी वाचवा म्हणून सांगू मी त्यांना?"

शेवटी पत्ता छापला गेला.

मला टेकडीवर सोडायला मावशीही आली होती. बाईनं तो कौलाचा तुकडा माझ्या भेगेत आत सरकवला, अंडी सावलीत राहतील असा. "बाळंतिणीला तेवढं ऊन मिळतंय ना गं?" असं मावशीनं विचारलं आणि स्वतःच हसली. आम्हाला नावही मिळालं. लांबलचक आहे. मावशीला उच्चारता येत नाही, मलाही नाही. खालची यंत्रं गप्प आहेत. टेकडीचा खटला कोर्टात गेलाय, निकाल लागेपर्यंत काम थांबवलंय म्हणे. अर्धी टेकडी उरलीय.

आणि मग ती माणसं आली. दोघं होते, हातात लोखंडी आकडे, पाठीवर डबे. एक म्हणाला, "हीच बघ ती, नवीवाली. मागणी आहे हिला." ते दगड उलथत गेले. चौघी-पाचजणींना घेऊन गेले. ज्यांना नेलं त्यांचं काय झालं मला माहीत नाही. पण उलथलेले दगड तसेच पडून राहिले, ओली बाजू उन्हाला, आणि त्यांना चिकटलेली अंडी दुपारपर्यंत वाळून गेली. ते मी पाहिलं.

बाई अजून येते. पण मला पावलं ओळखता येत नाहीत. बूट बूटच असतात. वाचवायला येणारा हातही दगड उचलतो, न्यायला येणारा हातही दगड उचलतो. खालून दोन्ही सारखेच दिसतात. तुम्हाला आम्ही सगळ्या सारख्या दिसतो, तसंच.

आत्ता माझ्या वरचा दगड हललाय. उजेडाची बारीक चीर आत आली आहे आणि ती रुंद होतेय. एरवी मी आतल्या भेगेत पळाले असते. आमच्यात अंड्यांपाशी थांबायची पद्धत नाही. पण कौलावरच्या एका अंड्याला तडा गेलाय आणि आतून काहीतरी ढकलतंय, म्हणून मी थांबलेय.

तुम्ही कोण आहात मला दिसत नाही. बघायचं असेल तर बघा, मोजायचं असेल तर मोजा. पण तो दगड होता तसा, होता तिथे, हळू ठेवा. खाली आम्ही आहोत.