डावीकडे वळलेली रेघ

मी एक जुनी ढकलगाडी आहे, मित्रांनो. गाडी म्हणायचे एवढेच. मला चाके नाहीत आणि मला कुठे पोहोचायचेही नसते. खाली दोन लोखंडी पट्ट्या आणि पुढे माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ओळीने पाच जाड गाद्या, असा माझा अवतार. ओहायोतल्या मॅकार्डल गावी शाळेच्या मैदानामागे कुंपणाला टेकून मी गंजत पडले आहे.

आमच्या गावाचा जीव फुटबॉलमध्ये अडकलेला. हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. मग त्याला हे नाव कोणी दिले, ते मला विचारू नका. यात चेंडू फेकणाऱ्या गड्याला क्वार्टरबॅक म्हणतात. समोरचे त्याला आडवे पाडायला धावून येतात आणि त्यांना अडवायला पाच धिप्पाड पोरांची फळी त्याच्यापुढे उभी असते. सामना जिंकला की गाव फेकणाऱ्याला डोक्यावर घेते, हरला की त्यालाच धारेवर धरते. फळीकडे कोणाचे लक्ष नसते. ही फळी घडवायची, हे माझे काम.

पोलादाच्या कारखान्यात राबणाऱ्या बापांनी मला सुट्टीच्या दिवशी जोडले आणि त्यांच्या बायकांनी गाद्या शिवल्या. डब्रोव्स्की कोच माझ्यावर चढून उभे राहायचे, म्हणजे वजन वाढायचे. शिट्टी वाजली की पाच खांदे पाच गाद्यांवर आदळायचे. "जोर लावा रे! तुमच्या आज्या याहून जोरात ढकलतात!" असे ते ओरडत. पोरे हसत आणि मी पुढे सरके. फार सुखाचे दिवस होते ते.

माझी एक खोड आहे. पाचही जणांनी एकदम जोर लावला तर मी सरळ जाते. कोणी अंग चोरले तर मी त्याच्या बाजूला वळते आणि गवतावर तशीच वाकडी रेघ उमटते. मला बोलता येत नाही, पण ही रेघ खोटे बोलत नाही.

मग केसी होर्वाथचे वर्ष आले. केसी सोळा वर्षांचा, लांब हातांचा, लाजाळू पोरगा. कोचने त्याला क्वार्टरबॅक केले आणि त्या जागेची दोन वर्षे वाट पाहणारा वेड नावाचा पोरगा बाकावर बसला. वेडचा जिवलग दोस्त ब्रॉडी स्टॅनहोप हा फळीतला सगळ्यात ताकदवान गडी. त्याची जागा डाव्या टोकाला. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ नेमकी तिकडे असते. तिकडून कोण येतो ते त्याला दिसत नाही. तिथल्या गड्यावर त्याला डोळे झाकून विसंबावे लागते.

गावात एक रीत होती. सामन्याआधीच्या गुरुवारी क्वार्टरबॅकच्या घरी फळीने जेवायचे. केसीच्या आईने कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळून मोठे पातेलेभर शिजवले. ब्रॉडी गेला नाही. तो गेला नाही म्हणून इतरही गेले नाहीत. गेला तो फक्त मधल्या गादीवरचा गोल पोटाचा ओटिस.

"काय रे, सगळं पातेलं एकट्यानं रिचवलंस म्हणे!" दुसऱ्या दिवशी ब्रॉडीने त्याला चिडवले.

"रिचवलं. तू आला असतास तर निम्मं तुला मिळालं असतं," ओटिस म्हणाला.

त्या आठवड्यापासून मी डावीकडे वळू लागले. एकदा ओल्या गवतावर माझी रेघ अशी वळली की कोच खाली उतरून तिच्याकडे पाहत राहिले.

"ब्रॉडी, अंग चोरतोयस का रे?"

"छे, कोच. गवत ओलं आहे ना."

कोचला सगळे कळले होते. पण ब्रॉडी दुखावला तर फळी फुटेल, अशी त्यांना भीती होती. त्यांनी बुटाने ते गवत सारखे केले आणि पुन्हा शिट्टी वाजवली. त्या शिट्टीचा मला आजही राग येतो.

सामने मला दिसत नसत, फक्त ऐकू येत. भोंग्यावरून पुन्हा पुन्हा तेच. "होर्वाथ खाली. होर्वाथ पुन्हा खाली." नंतर कुंपणापाशी बाप लोक तोंडसुख घेत. "पोरात दमच नाही." "चेंडू उबवत बसतो, कोंबडीसारखा!"

केसी अगदी निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. पुढे पुढे तो खरोखरच चेंडू धरून ठेवू लागला. चेंडू झेलायला पुढे धावणाऱ्या गड्याकडे बघायचे सोडून मागे वळून बघू लागला. त्यात संघाचे सामने गेले. पण ही भीती तो घरून घेऊन आला नव्हता, मित्रांनो. ती त्याला मैदानावर लागली.

एका दुपारी तो एकटाच माझ्याकडे आला. मधल्या गादीला खांदा लावून ढकलू लागला. घामाघूम झाला, पण मी जेमतेम वीतभर सरकले. तेवढ्यात फळीतली पोरे आली.

"फेकायला जमेना, म्हणून हमाली धरलीस काय रे?" ब्रॉडीने विचारले.

सगळे हसले. केसी सरळ उभा राहिला. "तुम्ही रोज किती जोर लावता ते बघत होतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. हसणे मात्र थांबले. ब्रॉडीचे कान लाल झाले. मला वाटले, आता हा काहीतरी बोलेल. तो थुंकला आणि निघून गेला.

नोव्हेंबरात शेजारच्या गावाशी मोठा सामना होता. डावीकडून कोणीतरी मोकळा आला. भोंगा थांबला. सगळे मैदान इतके शांत झाले की केसीच्या आईची हाक मला ऐकू आली. केसीचा उजवा खांदा निखळून मोडला होता. तो पुन्हा खेळला नाही. गाव म्हणाले, पोरगा नाजूक होता.

कोच थकले, गेले. नवीन यंत्रे आली आणि मी गवतात रुतले.

परवा शनिवारी दोन माणसे आली. ओटिसला मी पोटावरून ओळखले. दुसरा ब्रॉडी, कानशिलांवर केस पिकलेला. आता त्याचा मुलगा क्वार्टरबॅक आहे.

"काल कसं आपटत होते पोराला, बघितलंस ना?" ब्रॉडी म्हणाला. "आणि लोक म्हणतात, पोरात दम नाही! अरे, फळी झोपली होती का?"

ओटिस कुंपणाला टेकला. "हे तू म्हणतोयस, ब्रॉडी?"

ब्रॉडीने गवताची एक काडी उपटली. मग हळूच म्हणाला, "गुरुवारी बायकोनं पातेलंभर मॅकरोनी केली होती. एकही पोरगा आला नाही. आमचा खिडकीत उभा होता."

"होर्वाथबाईंनी सगळ्यांच्या प्लेटा मांडल्या होत्या," ओटिस म्हणाला. "मी जेवत होतो आणि त्या दाराकडे बघत होत्या."

"केसी कुठं असतो रे?"

"टोलेडोला. हात अजून खांद्याच्या वर जात नाही. दर नाताळला मला फोन करतो."

"माझं नाव काढतो?"

"कधीच नाही."

ब्रॉडीने गवत बाजूला केले आणि डाव्या टोकाच्या गादीला खांदा लावला. त्याने ढकलले, पुन्हा ढकलले. मी हलले नाही. हलायची माझी फार इच्छा होती. शेवटी ओटिसने कोट काढून कुंपणावर टाकला आणि मधली गादी धरली. गंज करकरला, मी रुतल्या जागेतून सुटले आणि सरकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी उजवीकडे वळले.

ब्रॉडीने मागे वळून ती रेघ पाहिली. मग तो माझ्या पट्टीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला.

मित्रांनो, मला रंग लावा असे मी म्हणत नाही. फक्त तुमच्यातला कोणी सारखा पडू लागला, तर त्याला बोल लावण्याआधी मला गवतातून बाहेर काढा. पाच जण लागा आणि जोर लावून झाला की रेघ बघा. ती सरळ असली, तर मग त्या पोराला खुशाल बोला.