तीस नंबरची तार

तुळजाबाई मोरीजवळ पडल्या तेव्हा त्यांचे पती शालिकराम बोळापलीकडच्या खोलीत मागावर बसले होते. मागाच्या खटखटीत हाक पोचली नाही. पाऊण तास त्या तशाच पडून होत्या. एक पाय आधीच लकव्याने गेलेला होता. ही नागपुरातली, १९७४ च्या जानेवारीतली गोष्ट.

उमरेडहून तुळजाबाईंचा भाऊ ताराचंद आला, तोही विणकरच. "भाऊजी, बाईले मी घेऊन जातो. तुम्ही विणा आपलं लुगडं."

मुलगा गुलाबचंद खापरखेड्याच्या वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन होता. सुटीच्या दिवशी भंगारातल्या भागांतून तो घरी टेलिफोन जोडत बसे. तो म्हणाला, "मामा, रविवारपर्यंत थांबा. आईच्या खाटेपासून मागापर्यंत लाईन टाकतो. घंटी वाजली की बाबा फोन उचलतीन."

"वाजली तर राहू दे. नाही वाजली तर सोमवारच्या बसनं नेतो."

दोन्ही फोन तयार होते. फक्त तार आणायची होती. गुलाबचंदला ड्यूटी होती, म्हणून त्याने वडिलांना सांगितले, "तांब्याची, ऐंशी मीटर. चांगली पाहून घ्या."

सीताबर्डीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानदाराने सुताचे वेष्टण असलेली दोन रिळे पुढे ठेवली. एक वीस नंबरच्या तारेचे, एक तीस नंबरच्या. शालिकरामांनी दोन्ही तारा चिमटीत धरून पाहिल्या. विणकरांच्या तांडापेठेत चाळीस वर्षे त्यांनी सूत पारखले होते. वीस नंबरचे जाडे सूत पंच्याला. नंबर वाढला की धागा बारीक, आणि बारीक तेच उंची. त्यांनी तीसची घेतली.

रविवारी गुलाबचंदने रीळ पाहिले.

"बाबा, ही काहून आणली? लई बारीक आहे."

"बारीकच तर चांगली."

"सुताची गोष्ट वेगळी. बारीक तारेतून घंटीपुरता करंट जात नाही. नंबर मीच सांगायले पाहिजे होता."

दुकान बंद होते. त्याने तीच तार टाकली. तुळजाबाईंनी खाटेवरून बटण दाबले. मागाजवळ घंटीची हातोडी थरथरली, वाटीवर आपटली नाही. गुलाबचंदने आणखी चार सेल जोडले. एकदा खर्र झाले.

"घंटी आहे का नवी नवरी?" ताराचंद म्हणाला. "तोंडच उघडून नाही राहिली."

गुलाबचंदने रिसीव्हर वडिलांच्या हातात दिला.

फोनवर बोलणे मात्र स्वच्छ ऐकू येत होते. शालिकरामांनी रिसीव्हर कानाला लावला होता.

"येऊन राहिलं का ऐकू?" तुळजाबाईंनी विचारले.

"हो."

"पण तुम्ही मागावर बसले की कानाले कोण धरंन?"

शालिकरामांनी रिसीव्हर खाली ठेवला. सोमवारी सकाळी आठच्या बसने त्या भावाबरोबर गेल्या.

पंधरा दिवसांनी गुलाबचंदने वीस नंबरची तार आणून टाकली. घंटी इतकी वाजली की शेजारच्या यमुताई दारात आल्या. दुसऱ्या दिवशी शालिकराम उमरेडला गेले. तुळजाबाई ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. भावजय त्यांचे केस विंचरत होती.

"घंटी वाजते आता," शालिकराम म्हणाले. "बोळाच्या त्या टोकालोक जाते आवाज."

"बरं झालं."

"मग?"

"इथं हाक मारली की कोणी ना कोणी येते," तुळजाबाई म्हणाल्या. "राहू द्या मले इथंच."

भावजयीचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. शालिकराम जेवले. भात दोनदा घेतला. ताराचंदच्या मागावर काय चढवले आहे ते पाहिले, किनारीबद्दल दोन शब्द बोलले आणि चारच्या बसने नागपूरला परतले.