पाठ नसलेला कोट

मी फोटो स्टुडिओतला कोट बोलतोय. हो, तोच काळा. तुमच्या घरच्या भिंतीवर तुमचा तो रुबाबदार फोटो आहे ना, त्यात तोंड तेवढं तुमचं. बाकी सगळा मीच.

जन्मलो तेव्हा मी धडधाकट होतो. पण जाडे, बारीक सगळेच माझ्यात मावायला हवेत, म्हणून फोटोग्राफरने शिंप्याकडून माझी पाठ उभी चिरून घेतली. मागून चिमटे लावले की पुढून साहेब तयार! मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माणसं समोरूनच बघतात, हे आमच्या मालकाला पक्कं ठाऊक होतं.

एकदा एक वायरमन आला. लग्नासाठी फोटो हवा होता. इतका गमत्या, की फोटोग्राफरलाच हसवत होता. मी अंगावर चढलो आणि गडी एकदम गप्प. मान ताठ, आवाज खाली. मी त्याला एका शब्दाने काही बोललो नव्हतो, शप्पथ.

फोटो मुलीकडे पसंत पडला. तिच्या आईचा निरोप आला, "भेटायला या, पण फोटोतल्यासारखेच या हं." झालं! बिचारा धावत स्टुडिओत.

"काका, आजच्या दिवस कोट द्या ना. मुलगी हातची जाईल हो."

"ने. पण पाठ कुणाला दाखवू नकोस," फोटोग्राफर म्हणाला.

पठ्ठ्याने शब्दशः पाळलं. भिंतीला टेकून बसला आणि निघताना सगळ्यांकडे तोंड करून, हळूहळू मागे सरकत दाराबाहेर पडला. आता बिंग फुटणार म्हणून मी धास्तावलो होतो. पण मुलीच्या आईचे डोळे भरून आले! "बघितलंत? थोरामोठ्यांना पाठ दाखवत नाही. हल्ली कुठे राहिलेत असे संस्कार?"

लग्न झालं, मी खुंटीवर परतलो. म्हटलं, सुटला बिचारा. कुठला सुटतोय! परवा तो बायको आणि छोट्या मुलीला घेऊन फोटो काढायला आला, तेव्हा बायकोने फोटोग्राफरला सगळं सांगितलं. सासूबाई म्हणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून जावईबापूंची चाल दाखवतात. एकदा हा चुकून सरळ वळला, तर त्या धड जेवल्या नाहीत. कामावर मोठ्या साहेबांच्या खोलीतून उलटा बाहेर आला आणि सुपरवायझर झाला. मग तर विचारायलाच नको.

"आता स्वयंपाकघरातूनसुद्धा असेच मागे मागे जातात," ती म्हणाली. "पूर्वी किती हसवायचे म्हणे. मला तो माणूस भेटलाच नाही, काका."

फोटोग्राफरने मला पुढे केलं. "नको, काका," तो म्हणाला. खरंच, माझी काय गरज? अंगात साधा शर्ट, पण मान तशीच ताठ, आवाज तसाच खाली.

फोटो झाला. तो नेहमीसारखा मागे सरकायला लागला.

"अरे, आज कोट नाहीये अंगावर. वळ की सरळ!"

तो अर्धा वळला, थबकला. "लोक काय म्हणतील, काका?"

स्टुडिओत लोक नव्हतेच. तरीही तो मागे सरकतच बाहेर पडला. दारात मुलीने आईचा पदर ओढला. "आई, बाबांना पाठ नाहीये का गं?"

आहे गं बाळा, चांगली धडधाकट आहे. नाही ती मला. वाचकहो, कुणीतरी एवढं त्याला सांगा. माझं तो ऐकायचा नाही. मी आता कुठे त्याच्या अंगावर आहे?