कुंपणापलीकडच्या गोचिडी

डॉक्टरीणबाईंना जुळे झाले, त्या वर्षी मी कुत्र्यांच्या दवाखान्यात आले. मित्रांनो, मी रक्त धुणारे एक जुने यंत्र आहे. त्याआधी अकरा वर्षे मी मोठ्या इस्पितळात माणसांचे रक्त धुतले. तिथे नवे यंत्र आले आणि मला अडगळीत ढकलले. डॉक्टरीणबाईंनी मला तिथून उचलून आणले. इथला कंपाउंडर मला 'सासूबाई' म्हणे. काम चोख, पण किरकिर थांबत नाही.

एके सकाळी शिंपीकाका आपल्या भुरी कुत्रीला कडेवर घेऊन आले. बायको गेल्यावर त्यांच्या घरात तेवढाच एक जीव उरला होता. गोचीड चावली की तिच्या तोंडातून बारीक जंतू कुत्र्याच्या रक्तात शिरतात आणि तांबड्या पेशी फोडतात. त्या कचऱ्याने भुरीची मूत्रपिंडे तुंबली. लघवी आधी कॉफीसारखी झाली, मग बंदच पडली. जंतू औषधाने मेले, पण मूत्रपिंडांचे काम माझ्यावर आले. मानेतल्या नळीतून रक्त घ्यायचे, धुऊन परत द्यायचे. चार-चार तास, तीनदा. पाचव्या दिवशी भुरीने फरशी ओली केली, तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या आणि काकांनी स्वतः फडके घेतले. त्या दिवशी माझेही कौतुक झाले.

गोचिडी काढत जा, एवढे बजावून तिला घरी धाडले. काढून त्यांचे काय करायचे, ते कुणी सांगितले नाही.

दोन महिन्यांत ती परत आली. हिरड्या पांढऱ्याफटक. काका शपथेवर सांगत होते की, रोज सकाळी चष्मा लावून एकेक गोचीड काढतो.

"मग त्यांचं काय करता, काका?"

"कुंपणापलीकडे सोडतो. मारवत नाही हो. त्यांनाही पोट आहे."

भुरीचे अंथरूण कुंपणालगतच असे. डॉक्टरीणबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"काका, त्या चालत परत येतात."

"म्हणजे मीच..."

मित्रांनो, रक्त मी धुऊ शकते, अंगण मला धुता येत नाही. गोचीड दिसली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून काढा आणि स्पिरिटच्या बाटलीत बुडवा. अंथरूण गरम पाण्यात धुवा. डॉक्टरांनी दिलेले औषध चुकवू नका. आणि दोघांवर एकदम दया करता येत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

कंपाउंडरच्या कुत्र्याचे रक्त भुरीला चढवले, मला दोनदा जोडले. भुरी शनिवारी दुपारी पावणेचारला गेली. ती सहा वर्षांची होती.