वाणाच्या पिशव्या

"रतनकाकू, हायेत का घरात?" सुनीलने दारातून हाक मारली आणि आतला मिक्सर बंद झाला.

भाजलेल्या शेंगदाण्यांचा खमंग वास पार ओट्यापर्यंत आला होता. उंबऱ्याशी काकूंच्या चपला होत्या. सुनीलने पुन्हा हाक मारली, जरा गोड आवाजात. कोणी ओ दिली नाही. शेजारी उभ्या असलेल्या दिशाने पिशव्यांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला आणि बापाकडे पाहिलं.

"भाईर गेल्या आसतील," सुनील म्हणाला.

"मिक्सर चालू हुता की, पप्पा."

"लाईट गेली आसंल."

पलीकडच्या घरात टीव्हीवर कोणीतरी हंबरडा फोडत होतं, म्हणजे लाईट होती. दिशा आठवीत होती, तिला एवढं कळत होतं. दोघं पुढच्या दाराकडे निघाली.

गावच्या हायस्कूलची पाण्याची मोटर दिवाळीच्या सुट्टीत जळाली होती. तेव्हापासून मुलींच्या शौचालयात पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून मुली सकाळपासून घोटभर पाणीही न पिता वर्गात बसत. दिशाला एकदा प्रार्थनेला चक्कर आली ती त्याचमुळे. नवी मोटर घ्यायची तर शाळेची तिजोरी रिकामी. शेवटी निकिता मॅडमनी शिवणाच्या तासाला मुलींकडून कापडी पिशव्या शिवून घेतल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका दरवर्षी तेच ते प्लास्टिकचे डबे वाण म्हणून लुटतात, त्यापेक्षा या पिशव्या बऱ्या. मुलींनी घरोघर जाऊन विकायच्या आणि मोटर आणायची, असं ठरलं. प्रत्येकीला एक गठ्ठा मिळाला. दिशाने चार उचलले.

"माझे पप्पा कंपनीत सेल्सला हुते," ती भर वर्गात उभी राहून म्हणाली होती. "ते बोलाय लागले की मानूस न्हाई म्हनतच न्हाई."

हे काही खोटं नव्हतं. दिशा अंगणवाडीत असताना सुनील टाय लावून गावात फिरायचा. नगरच्या एका हॉटेलातल्या हॉलमध्ये कोटवाल्या साहेबांची भाषणं ऐकून, टाळ्या वाजवून हात लाल करून तो गुडघेदुखीच्या पावडरीचे डबे घेऊन परतला होता. परक्यांच्या मागे लागू नका, आधी आपली माणसं धरा, असं तिथे शिकवत. आपल्या माणसांना काय तोटा? काकू, मावशी, आत्या, चाची; सुनीलच्या जिभेवर खडीसाखर होती आणि त्याला नाही म्हणायची लोकांना भीड पडे. लोकांनी डबे घेतले. एक संपायच्या आत दुसरा घेतला. दोघातिघांनी तर स्वतःच्या गळ्यातही टाय अडकवून घेतला. मग एका पावसाळ्यात कंपनीच गायब झाली आणि गुडघे होते तसे दुखत राहिले. आता सुनील टेम्पोतून भाजी नगरच्या मार्केटला नेतो आणि तो प्रकार लोक विसरले, असं धरून चालतो. तोंडावर कोणी काढत नाही, म्हणून त्याला तसं वाटत होतं.

पिशव्या घरी आल्या तेव्हा तो किती खुशीत होता! कितीतरी वर्षांनी कोणीतरी त्याच्यातला सेल्समन मागितला होता. पोरीला समोर उभी करून त्याने धडे दिले होते. "पयलं नाव सांगायचं. मी सुनीलभाऊंची मुलगी. वळख पटली की निम्मं काम झालं, बाकीचं मी बघतो."

रतनकाकूंच्या दारापासून त्या दिवशी ओळख सगळीकडे पटली. एकीकडे नुकतंच वाण आणून झालं होतं, एकीकडे मालक घरी नव्हते, एकीकडे तर कुत्रं सोडलेलं होतं. शेवटी मुबारकचाचींनी दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. म्हातारीने पिशवी हातात घेतली, शिवण ओढून पाहिली.

"तूच शिवली का गं? चांगली मजबूत हाय." मग चाची सुनीलकडे वळल्या. "तुज्या पावडरीचा डबा अजून हाय बरं का, भाऊ. मी त्यात हळद ठेवते. आमच्या धाकल्या दिरानं, नबीलालनं, शेळी इकून तीन डबे घेतले हुते. पोरगं एवढं चाची-चाची करतंय, न्हाई कसं म्हनायचं, म्हनत हुता."

सुनील गठ्ठ्याची दोरी सोडून पुन्हा बांधू लागला.

"तू दारात आलास की धडकी भरती रं आमाला," चाची शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि तेच त्याला जास्त लागलं. त्यांनी एक पिशवी घेतली. "ही पोरीसाटी घेतली. आमी काय वाण लुटत न्हाई, पर भाजीला हुईल."

येताना दिशा त्याच्या दोन पावलं मागून चालत होती. एरवी ती पुढे असायची.

शनिवारी तो तिला आणायला शाळेत गेला, तेव्हा वर्गात हिशेब चालला होता. बाकीच्या मुलींचे गठ्ठे संपले होते. दिशाच्या बाकावर ढीग तसाच होता.

"राहू दे, दिशा," निकिता मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "उरलेल्या पिशव्या बाकीच्या मुली वाटून घेतील."

"तिचे पप्पा बोलाय लागले न्हाईत वाटतं अजून," मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला. दिशाची मान वर झाली नाही. "सोमवारी पैसे आनते, मॅडम," एवढंच ती म्हणाली. खिडकीबाहेर उभ्या सुनीलला वाटलं, जमिनीने आत्ता पोटात घ्यावं तर बरं.

घरी येऊन त्याने साऱ्या गावाचा उद्धार केला. लोकांना चांगल्या कामाची कदर नाही, शाळेबद्दल आस्था नाही, मोबाईलला पैसे आहेत आणि लेकीबाळींसाठी नाहीत. त्याची बायको पूजा भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"लोकांनी काम बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "तुमाला बघितलं."

त्याने ताट बाजूला सारलं.

रविवारी सकाळी त्याने गठ्ठे टेम्पोत टाकले आणि दिशाला पुढे बसवून मुळा कालव्याच्या रस्त्याने वस्त्यांकडे निघाला. इकडेही त्याची पावडर पोहोचली होती, पण इथल्या लोकांनी पोरीला पाहिलेलं नव्हतं. याच कालव्यावर त्याचे वडील, कारभारीबाबा, शेतांना पाळीने पाणी सोडणारे पाटकरी होते. भर उन्हाळ्याच्या आवर्तनात त्यांनी कोणाची पाण्याची पाळी कोणाला दिली नाही. बड्या बागायतदाराला नाही आणि सख्ख्या मेहुण्यालाही नाही. मेहुण्याने पुढे घरी येणंच सोडलं. सुनील ही गोष्ट हसण्यावारी नेई. बापाला व्यवहार कळला नाही म्हणे.

पहिल्या वस्तीच्या अलीकडे उसाच्या आडोशाला त्याने टेम्पो थांबवला.

"तू हो पुढं," तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "मी जरा हवा बघतो चाकातली."

दिशाने त्याच्याकडे पाहिलं. हवा कालच भरली होती, तेव्हा तीही टेम्पोत होती. तिने गठ्ठा उचलला आणि ती गेली.

सुनील उतरून चाकाशी बसला. उसाच्या पलीकडून कुत्र्याचं भुंकणं आलं, मग एका बाईचा खणखणीत आवाज.

"कोनाची गं तू?"

उत्तर लगेच आलं नाही. मी सुनीलभाऊंची मुलगी, सुनील मनातल्या मनात तिला सांगत होता. आणि त्याच वेळी, नको, नको, असंही म्हणत होता.

"कारभारी पाटकऱ्यांची नात," दिशा म्हणाली.

"अगंबाई, कारभारीबाबांची? मंग अशी भाईर का हुबी? ये, आत ये. सूनबाई, पानी आन गं पोरीला."

आवाज घरात गेले. सुनील चाकाशीच बसून होता. पोरीचा राग यावा असं त्याला वाटत होतं, पण तो येत नव्हता. वाईट फार वाटत होतं. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मधलं एक नाव तेवढं गाळलं होतं.

दिशा आली ती रिकाम्या हाताने, पदरात दिल्यासारखे ओढणीत तिळाचे लाडू घेऊन. "संपल्या. शेजारनीला पन बोलावलं त्यांनी. पुढच्या वस्तीवर निरोप देते म्हनल्या."

"काय इचारलं का त्यांनी?"

"न्हाई, काय न्हाई," दिशा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. तिने एक लाडू त्याच्यापुढे धरला. "घ्या की, पप्पा."

त्याने लाडू घेतला आणि टेम्पो चालू केला. पुढच्या वस्तीचं वळण दिसलं, तशी दिशा दुसरा गठ्ठा मांडीवर घेऊन तयार झाली. मागच्या वेळेपेक्षा बरंच अलीकडे, घरं अजून दिसतही नव्हती तिथे, सुनीलने गाडी बाजूला घेतली.

"हितून चालत जाशील ना?" त्याने विचारलं.

दिशाने मान हलवली आणि गठ्ठा डोक्यावर घेऊन ती कालव्याच्या कडेने चालू लागली.