सावित्रम्माच्या घरचा ट्रिप स्विच

गिऱ्हाइकांवर मी चिडतो, हे आमच्या सगळ्या पेठेला माहीत आहे. चिडू नको तर काय करू? एका सॉकेटला तीन मल्टिप्लग लावायचे, त्यावर गिझर, मिक्सर, इस्त्री सगळं चालवायचं, आणि वायर वितळली की म्हणायचं, "शिवपुत्र, तुझं काम कच्चं हाय." फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालायची, म्हणजे पुन्हा फ्यूज उडायला नको, घर पेटलं तरी चालेल. फोनवर सांगायचं पाच मिनिटांचं काम आहे, आणि गेल्यावर कळतं की अर्थिंगची वायर कुणीतरी काढून कपडे वाळत घालायला बांधली आहे. अशांना मी तोंडावर बोलतो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं तुटली, पण जी राहिली ती दुसऱ्या कुणाला बोर्डाला हात लावू देत नाहीत.

सावित्रम्मा त्यातली. बावीस वर्षं तिच्या घरचं सगळं काम माझ्याकडे. नवरा वारल्यानंतर तिने एकटीने मुलगा वाढवला. मुलगा अनिलकुमार टेंभुर्णीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, रविवारी तेवढा घरी येतो. तीन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. सून काव्या वळसंगची, बारावी सायन्स झालेली, चौकस. नांदायला आल्यावर दोन महिन्यांतच तिने मला बोलावलं आणि ट्रिप स्विच बसवायला लावला. माझ्या एवढ्या गिऱ्हाइकांत आपणहून ट्रिप स्विच मागणारी ती एकटीच. त्याचं काम साधं आहे. करंट वायर सोडून पाण्यात किंवा माणसाच्या अंगात शिरायला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत खटका पडतो आणि लाइन तुटते. मी टेस्टचं बटण दाबून तिला खटका पाडून दाखवला आणि ऐटीत म्हणालो, "ह्यो वर हाय तोवर ह्या घरात करंट लागून कुणी मरायचं न्हाय बघ." काव्या हसली. तिने ते मनावर घेतलं.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. मंगळवारी आलं तर पुढचं रविवारी. तेही तासभर, आणि धार करंगळीएवढी. म्हणून घरोघरी नळाला मोटर जोडलेली असते. ती जोडू नये, हे जोडणाऱ्यालाही माहीत असतं आणि मलाही. मीच निम्म्या पेठेला जोडून दिली आहे. पाण्याच्या दिवशी सकाळी सगळ्या गल्लीतल्या मोटरी एकदम सुरू होतात आणि कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही.

त्या मंगळवारी सावित्रम्माचा फोन आला तेव्हा मी अजून दात घासत होतो. "शिवपुत्रा, मोटर लावली की ट्रिप पडतोय. पाणी चाललंय की रे! हौदात थेंब न्हाय." मी गेलो. काव्या माहेरी वळसंगला गेली होती, म्हातारी एकटीच होती. मोटर सुरू केली की खट्, खटका खाली. मोटर जुनी, आतलं वाइंडिंग ओल धरून खराब झालं होतं, करंट पत्र्यात उतरत होता. अर्थिंगचा खड्डा तर उन्हाळ्यापासून कोरडा, म्हणजे तो करंट जमिनीत जायला वाट नाही. ट्रिप त्याचं काम चोख करत होता. मोटर काढून उघडायची, वाइंडिंगला द्यायची, हे खरं काम. त्याला दोन दिवस लागले असते. आणि नळाला पाणी उरलं होतं अर्धा तास.

सावित्रम्मा माझ्या पाठीशी उभी राहून सारखं म्हणत होती, "कायतरी कर रे बाबा. पाच दिवस काय पिऊ?" मी चिडलो, तिच्यावर नाही, त्या मोटरीवर. आणि ज्यासाठी मी दुसऱ्या वायरमनांना शिव्या घालतो तेच केलं. ट्रिप स्विचला वळसा घालून एक वायर मागून जोडली आणि लाइन डायरेक्ट केली. आता खटका नुसता शोभेला वर राहिला. मोटर सुरू झाली. हौद भरेपर्यंत मी स्वतः रबरी चप्पल घालून शेजारी उभा राहिलो आणि म्हातारीला जवळ येऊ दिलं नाही.

पाणी गेलं. तेव्हाच ती वायर काढायला हवी होती. मोटरीची वायर सोडवून ठेवली असती तरी झालं असतं, दोन स्क्रूचं काम. पण करकंबहून एका बंगल्याच्या मालकाचा फोन येत होता, कामगार खोळंबले होते. मी हिशेब केला तो आमच्या गावात सगळेच करतात तो, पाण्याच्या दिवसांचा. पाणी रविवारी. रविवारपर्यंत ह्या मोटरीला कोण कशाला हात लावेल? म्हणजे पाच दिवस ती नसल्यासारखीच.

"अव्वा, लाइन डायरेक्ट केलीय," मी सावित्रम्माला सांगितलं. "शनिवारी दुपारी येऊन मोटर काढून नेतो. तोवर हात लावायचा न्हाय."

"पाणी रविवारी की. कोण लावतंय?" ती म्हणाली. तिचाही हिशेब तोच.

शनिवारी सकाळी पाणी आलं. एक दिवस आधी. कुठे तरी काही दुरुस्ती निघणार होती म्हणून आधीच सोडलं, असं नंतर कळलं. मी शुक्रवारी रात्री करकंबहून परतलो होतो आणि झोपलो होतो. गल्लीत मोटरींचा आवाज सुरू झाला तसा मी उठून बसलो. हा आवाज आज कसा, हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग फोन शोधून सावित्रम्माला लावला. तिने उचलला नाही. तसाच गाडी काढून निघालो.

काव्या गुरुवारी माहेरहून आली होती. सासू आंघोळीला गेलेली. पाणी आलं म्हणून बाहेर ओरडा झाला, काव्याने मोटर लावली. मोटरीने हवा धरली, पाणी ओढेना. अशा वेळी सगळ्या बायका करतात तेच तिने केलं. तांब्याने मोटरीच्या तोंडात पाणी ओतायला बसली, आणि दुसरा हात आधाराला मोटरीवर ठेवला. शेजारच्यांनी मेन बंद करून तिला रिक्षातून नेलं होतं. मी पोचलो तेव्हा दारात बायकांची गर्दी होती आणि कुणीतरी मला सांगितलं की ती जागेवरच गेली.

मला बघून बायकांनी वाट करून दिली. "वायरमन आला, वायरमन आला, बोर्ड बघू द्या त्येला." सावित्रम्मा उंबऱ्यात ओल्या लुगड्यात बसली होती, तोंड रस्त्याकडे. आत कुणी नव्हतं. मी बोर्ड उघडला. हात सवयीने काम करत होते. वळशाची वायर काढली, जोडण्या पूर्ववत केल्या, झाकण बसवलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेव्हा मी एवढाच विचार केला, की पोरगी तर गेली, आता मी तुरुंगात गेल्याने ती परत येणार आहे का? ती वायर खिशात घालून मी बाहेर आलो.

दुपारी फौजदार पंचनाम्याला आले. अनिलकुमार टेंभुर्णीहून येऊन दवाखान्यातच काव्यापाशी होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, करंटनेच मृत्यू, तळहातावर भाजल्याची काळी खूण आहे. फौजदारांनी मलाच विचारलं, "स्विच चालतो का बघ." मी मेन चढवली आणि मोटर लावली. खट्. खटका पडला. पुन्हा लावली. पुन्हा पडला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात काव्याचे वडील संगप्पा पुढे आले. वळसंगहून आल्यापासून ते भिंतीला टेकून उभे होते. "साहेब," ते म्हणाले, "माझी लेक मला फोनवर सांगायची, आप्पा, आमच्याकडं ट्रिप हाय, काळजी करू नगा. आता तुमच्या डोळ्यांदेखत पडतोय की. मग तिला करंट लागला कसा? का कुणी लावला?"

फौजदारांनी वहीतून मान वर केली. "लग्नाला किती वर्षं?"

"तीन," कुणीतरी म्हणालं.

"सकाळी घरात कोण होतं?"

सगळ्यांनी सावित्रम्माकडे बघितलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत सून मेली आणि घरात एकटी सासू, याचा अर्थ काय होतो हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी स्वतःला वाचवायला वायर काढली होती, आणि ती काढल्यामुळे अपघाताचा खून झाला होता.

सावित्रम्मा उठून उभी राहिली. "साहेब, ट्रिप बंदच होता की. मंगळवारी ह्यानं वायर लावून डायरेक्ट केलं हुतं. मला म्हणाला, शनिवारी येतो. पाणी रविवारी म्हणून मी काव्याला बोललेच न्हाय. चूक झाली ती माझी. पण मी पोरीला काय केलं न्हाय. विचारा ह्याला, ह्यो सांगंल."

फौजदार माझ्याकडे वळले. "म्हातारी म्हणते, तू डायरेक्ट केलं होतंस. खरं?"

खिशातली वायर मांडीला टोचत होती. ती काढून त्यांच्या वहीवर ठेवली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी घाबरलो. माझं लायसन डोळ्यांपुढे आलं, बायको आली, गजांआडचा मी आलो. संगप्पांचे डोळे माझ्यावर होते.

"न्हाय साहेब," मी म्हणालो. "मी मंगळवारी आलो, ट्रिप पडतोय म्हणून सांगितलं आनि गेलो. डायरेक्ट केलं न्हाय."

मला वाटलं, सावित्रम्मा आता तळतळाट देईल, माझ्या अंगावर धावून येईल. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती आठवत होती. बराच वेळ आठवून तिने कपाळाला हात लावला.

"मग माझंच डोकं जाग्यावर न्हाय साहेब," ती फौजदारांना म्हणाली. "ह्यो न्हाय म्हणतोय तर न्हाईच लावली. बावीस वर्सं बघतेय, ह्यो तसला न्हाय. मलाच कायतरी भलतं आठवतंय. माझं ते खोडा."

फौजदारांनी खोडलं. तिला पोलिसांच्या गाडीत बसवताना बायकांनी तोंडाला पदर लावले, कुणी पुढे झालं नाही. मी दाराशीच उभा होतो. पायरी चढायच्या आधी ती थांबली आणि मागे वळून मला म्हणाली, "शिवपुत्रा, चारचौघांत तुझं नाव घेतलं. मनाला लावून घेऊ नगं बाबा."